पुतण्याची उत्तरपत्रिका

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अभियंत्याची नोकरी सोडून पुण्यास मुंढव्याकडे बिअर करणाऱ्या एका लहान कारखान्यांत लागला, त्या दिवसापासून तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या घरांत बापलेकांचें बोलणें बंद झालें. "भट्टीवाला" याखेरीज बंधू त्याचा उल्लेख करीत नसत. आम्हांस तो शब्द खटके. भट्टींत अर्क गाळतात. बिअर केवळ आंबवितात. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत या आंबविणाऱ्या द्रव्यास किण्व म्हटलें आहे, आणि चरकानें तर चौऱ्यायशीं आसवें सांगितलीं आहेत. पण हें बंधूंस सांगावें कोणीं? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय त्यांसही ठाऊक आहे.

गेल्या माघांत पुतण्या म्हणाला, "काका, जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत, एक माझाही तपासा." दांत दाखवावयाचे आहेत असें घरीं सांगून आम्हीं शिक्रापुराहून एस. टी. धरली. त्यानें आमच्या नांवें एका दिवसाचा परवाना काढला; १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ती अट आहे. नुसतें हुंगण्यास सरकारी परवाना लागत नाहीं. मनूनें मात्र मद्य हुंगणेंही जातिभ्रंशकर ठरविलें आहे!

जव भिजवून मोड आणतात, वाळवून भरडतात आणि गरम पाण्यांत ठेवितात, म्हणजे पिठाची साखर होते. मोड आणण्यापर्यंत आमच्या घरच्या नाचणीच्या सत्वाचीच ही कृति. मग हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून उकळतात. ही वेल भांगेच्या कुळांतली, हें ऐकून शिवरात्रीस हटकून भेटणाऱ्या कांहीं सोवळ्या स्नेह्यांची आठवण झाली. निवल्यावर किण्व घालतात.

पुतण्यानें गमतीची गोष्ट सांगितली. २००९ सालीं पुण्यांत निघालेल्या अशाच एका कारखान्याचें नांव डूलाली. तें आपल्या देवळालीचें गोऱ्या सोल्जरांच्या तोंडचें रूप. मायदेशीं नेणाऱ्या बोटीची वाट पाहून तेथें ज्यांचें डोकें फिरे, त्यांस ते हें विशेषण लावीत. बंधूंच्या मतें तें पुतण्यासही लागू पडलें असतें.

तीन पेले आले. पहिली गव्हाची, तींत पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास, आणि वस्तुतः दोहोंपैकीं कांहींच घातलेलें नाहीं, सारी किण्वाची करामत. सात गुण. दुसरी हॉपाची. कडू आम्हांस वर्ज्य नाहीं, पाडव्यास कडुनिंब चावून खातों; परंतु हा कडवटपणा जिभेवर ठाण मांडून बसला. साडेचार. तिसरी काळी, करपूं न देतां भाजलेल्या जवाची, कॉफीच्या वासाची. आठ. तिचे घोट आम्हीं मोजले नाहींत.

घरीं येऊन स्नान केलें. गुणांची वही मात्र झोपाळ्यावर राहिली. तिसऱ्या दिवशीं बंधू ती घेऊन समोर बसले.

"दादा, दांत कसे आहेत?"

आम्ही गप्प.

"दुसरीला साडेचारच कां?"

"कडूपणा शेवटपर्यंत सरत नाहीं."

"त्याला सांगितलेंत?"

"नाहीं. जड गेलें."

बंधूंनीं बराच वेळ वही चाळली. तींत पानें दोनच लिहिलेलीं होतीं. मग फोन आमच्याकडे सरकवीत म्हणाले, "लावा. पण आधीं तुम्ही बोला."