'ट्रेनस्पॉटिंग' : हसणारा निवेदक आणि हसणारा प्रेक्षक

१

व्यसनी माणूस आणि विनोद यांची गाठ मराठी वाचकाला नवी नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले तेव्हापासून ती आपल्या परिचयाची आहे. मात्र गडकऱ्यांनी या नाटकात एक व्यवस्था लावून दिली आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडली, की ती एक वाङ्मयीन निवड आहे याचेही भान आपल्याला उरलेले नाही. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांच्याकडे हास्य सोपवलेले आहे. सुधाकर आणि सिंधू यांच्याकडे शोक. दारू एकच, पण तिची दोन फळे दोन वेगळ्या पात्रांच्या पदरात टाकलेली. प्रेक्षकाला कोठे हसायचे आणि कोठे डोळे पुसायचे हे नाटक आधीच सांगून ठेवते. त्यामुळे आपण जेव्हा हसतो तेव्हा आपल्या हसण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

ही वाटणी कोणी केलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न मला डॅनी बॉइल यांच्या 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) या चित्रपटाने घातला. आयर्विन वेल्श यांच्या १९९३ च्या कादंबरीवरून जॉन हॉज यांनी त्याची पटकथा लिहिली. एडिंबरा शहराच्या लीथ या बंदराच्या भागातील मार्क रेंटन आणि त्याचे मित्र सिक बॉय, स्पड, टॉमी, शिवाय हेरॉइनला न शिवणारा पण दारू आणि मारामारी यांचे व्यसन असलेला बेग्बी, यांची ही कथा. गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गात कथनमीमांसा शिकवताना मी या चित्रपटाचा उल्लेख करीत आले आहे. त्याविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. एक मत असे, की तो व्यसनाचे उदात्तीकरण करतो. दुसरे असे, की तो व्यसनाविरुद्धचा प्रभावी इशारा आहे. अमेरिकेतील १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील एक उमेदवार बॉब डोल यांनी पहिले मत जाहीरपणे मांडले, आणि आपण चित्रपट पाहिलेला नाही हेही मान्य केले. परंतु पाहणारेही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खातात. मला ही दोन्ही मते एकाच गफलतीतून निघालेली वाटतात. दोन्ही मते चित्रपटाला एक विधान समजतात. तो विधान नाही. ते निवेदन आहे, आणि निवेदन करणारा माणूस चोर आहे.

२

चित्रपट सुरू होतो तो धावण्याने. दुकानात चोरी करून रेंटन आणि स्पड एडिंबऱ्याच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून पळत आहेत, आणि रेंटनचा आवाज पार्श्वनिवेदनातून आपल्याला सुखवस्तू आयुष्याची यादी ऐकवतो आहे. नोकरी, संसार, मोठा दूरदर्शनसंच अशा वस्तूंची ही यादी आणि ते सारे नाकारल्याची घोषणा. मध्येच तो एका मोटारीवर आदळतो, उठतो, आणि काचेतून चालकाकडे पाहून हसतो. हे हास्य चित्रपटाच्या निवेदनपद्धतीचे बीज आहे. ज्याला धक्का बसला तोच हसतो आहे, आणि ज्याच्याकडे पाहून तो हसतो तो गोंधळून गेला आहे. पुढचा दीडेक तास त्या चालकाच्या जागी आपण बसलेले असतो.

रेंटन हा विश्वासार्ह निवेदक नाही, एवढे म्हणून भागत नाही. कित्येक बाबतींत तो विलक्षण प्रामाणिक आहे. हेरॉइनमध्ये सुख आहे, अन्यथा ते आम्ही घेतले नसते, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्यसनमुक्तीच्या भित्तिपत्रकाला जे उच्चारता येत नाही ते तो उच्चारतो, आणि तेथेच आपला विश्वास कमावतो. स्कॉटलंडमधील सर्वांत घाणेरड्या शौचालयाचा प्रसंग पाहावा. अफूच्या गोळ्या परत मिळवण्यासाठी तो अक्षरशः त्या भांड्यात शिरतो आणि आत त्याला लागतो तो निळा, निवळ पाण्याचा तळ. पार्श्वभूमीला ब्रायन ईनोचे शांत संगीत. किळस आणि सौंदर्य यांच्यामध्ये येथे एकाही चौकटीचे अंतर ठेवलेले नाही. ही कल्पनारम्यता सजावट नव्हे. व्यसनी माणसाच्या दृष्टीने त्या क्षणी शौचालय कोठे आहे, एवढेच ती सांगते. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या दृष्टीचा भागीदार होतो.

या भागीदारीची किंमत चित्रपट वसूल करतो तो ॲलिसनच्या तान्ह्या मुलीच्या मृत्यूच्या प्रसंगी. मोठी माणसे नशेत असताना ती पाळण्यात मरून पडली आहे. बाप कोण हे कोणी विचारलेले नव्हते. सिक बॉयच्या कोसळण्यावरून ते आता कळते. सर्वांच्या नजरा रेंटनकडे वळतात, कारण बोलण्याचे काम त्याचे. काही तरी माणुसकीचे बोलावे असे त्याला वाटते, आणि तो म्हणतो ते इतकेच, की मी आता माल तयार करतो. ॲलिसनही आपला वाटा मागते. तिला तो मिळाला, पण माझ्यानंतर, असे निवेदक सांगतो. ते वेगळे सांगायला नको, अशीही पुस्ती जोडतो.

'एकच प्याला'मध्येही मूल मरते, बापाच्याच हातून. तेथे त्या मृत्यूमागोमाग पश्चात्ताप येतो आणि त्याची वाणी नाटकाला शेवटाकडे नेते. येथे मृत्यूमागोमाग रांग येते. पहिली सुई कोणाची, या प्रश्नाचे उत्तर एवढाच शोकाचा अवशेष. आणि वाक्याची घडण मात्र विनोदाचीच राहते : आधी विधान, मग दुरुस्ती, मग बेफिकीर पुस्ती. चेहऱ्यावर हसू यायला लागते आणि तेथेच गोठते. काळा विनोद ही संज्ञा आपण फार सैलपणे वापरतो. मृत्यूविषयी विनोद केला म्हणजे तो काळा होत नाही. विनोदाची रचना तशीच राहावी आणि तिच्यातून हसण्याची शक्यता तेवढी काढून घ्यावी, तेव्हा तो काळा होतो.

३

येथे मला थोडे खाजगी बोलणे भाग आहे, कारण या चित्रपटाविषयी माझे जे मत बनले ते केवळ सिद्धान्तातून बनलेले नाही.

माझा एक मामेभाऊ नव्वदच्या दशकात परळच्या चाळीत ब्राऊन शुगरच्या आहारी गेला आणि तिशी गाठण्याआधी वारला. आम्ही त्याला दादा म्हणत असू. मुंबईत त्या काळी 'गर्दुल्ला' हा शब्द शिवीसारखा वापरात होता. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू झाले होते आणि अनिल अवचटांच्या 'गर्द'मुळे या विषयाला मराठीत गंभीर वाचकही लाभला होता. पण दादाची जी आठवण आमच्या घरात आजही निघते ती गंभीर नाही. त्याने मामीचा प्रेशर कुकर विकला आणि तो परत का येत नाही याची हकिकत तीन आठवडे रोज नव्या प्रकरणासह सांगितली. शिट्टी बिघडली म्हणून दुरुस्तीला दिला; दुरुस्ती करणाऱ्याचे लग्न निघाले; लग्नात त्याच कुकरमध्ये भात लावला; तो नवरीच्या काकांना इतका आवडला की काकांनी कुकर गावी नेला. मामीला पहिल्या दिवसापासून सारे माहीत होते. तरी ती पुढचे प्रकरण ऐकायला ओट्याला टेकून उभी राही, आणि हसे. मंगळसूत्र गेले तेव्हा मात्र त्याने कोणतीही गोष्ट सांगितली नाही.

पुढे कथनमीमांसेची परिभाषा हाती आल्यावर मला या हकिकतीचा अर्थ लावता येऊ लागला. घरात त्याला देण्यासारखे काही उरले नव्हते. गोष्ट तेवढी उरली होती. ती फसवणूक होती यात शंका नाही. पण ती ऐकली जात होती तोवर सांगणारा आणि ऐकणारी यांच्यामध्ये एक नाते जिवंत होते, हेही तितकेच खरे. व्यसनी माणसाच्या विनोदाला केवळ लबाडी म्हणणे किंवा केवळ जिवंतपणाची खूण म्हणणे हे दोन्ही अपुरे आहे. तो एकाच वेळी दोन्ही असतो, आणि ऐकणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत. रेंटनचे निवेदन मला पटते ते याच कारणाने. ते कुकरच्या गोष्टीच्या जातीचे आहे. आणि म्हणूनच त्यात मंगळसूत्राच्या जागी काय आहे, म्हणजे कोणत्या गोष्टीविषयी हा बोलका निवेदक गप्प राहतो, हे शोधणे मला आवश्यक वाटते.

४

ती जागा टॉमीची आहे. टॉमी हा या टोळक्यात हेरॉइनपासून दूर असलेला, व्यायाम करणारा, मित्रांना डोंगर पाहायला घेऊन जाणारा मुलगा. त्याच्या घरून रेंटन एक ध्वनिचित्रफीत सहज उचलतो. फुटबॉलमधील गोलांच्या फितीच्या वेष्टनात टॉमी आणि त्याची मैत्रीण लिझी यांचे खाजगी चित्रण आहे. हा प्रसंग विनोदी आहे आणि प्रेक्षागृह त्यावर हसते. पुढे फीत सापडत नाही म्हणून लिझी टॉमीला सोडून जाते. खचलेला टॉमी रेंटनकडे येऊन हेरॉइन मागतो, पैसेही पुढे करतो, आणि थोड्या आढ्यावेढ्यांनंतर रेंटन ते देतो. नंतर टॉमीला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळते. लिझी परत यावी म्हणून त्याने तिच्यासाठी मांजराचे पिल्लू आणलेले असते. ती ते घेत नाही. त्या दुर्लक्षित पिल्लाच्या विष्ठेतून झालेल्या संसर्गाने टॉमी मरतो. ही मरणकथा अंत्यविधीच्या वेळी एक मित्र रेंटनला सांगतो, आणि तीही जवळजवळ विनोदी चुटक्यासारखी. मांजर मात्र ठणठणीत असते.

फीत, वियोग, सुई, पिल्लू, मृत्यू अशी ही कार्यकारणाची साखळी चित्रपटात संपूर्ण उपस्थित आहे. तिची पहिली कडी रेंटनच्या हातातील आहे. आणि स्वतःच्या बद्धकोष्ठतेविषयीही विस्ताराने बोलणारा हा निवेदक त्या कडीविषयी एक शब्द काढत नाही. टॉमीच्या भकास घरी तो जातो, त्याला पैसे देतो, खेद दर्शवतो; पण कबुली नाही. पटकथेचे खरे धैर्य मला येथे दिसते. चित्रपट रेंटनच्या तोंडून ती कबुली वदवून घेत नाही. ती जोडणी प्रेक्षकावर सोडतो. आणि जोडणी करू लागताच प्रेक्षकाच्या लक्षात येते, की त्या पहिल्या कडीवर आपण हसलो होतो. उदात्तीकरण आणि इशारा ही दोन्ही मते या ठिकाणी निरुपयोगी ठरतात. दोन्ही मतांत प्रेक्षक बाहेर उभा असतो, आणि येथे तर त्याचे हसणेच संहितेचा भाग झालेले असते.

५

या मौनाला आणखी एक, व्यापक बाजू आहे. टॉमीला विषाणू मिळाला तो केवळ एका मित्राच्या बेपर्वाईमुळे नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एडिंबऱ्यात स्वस्त हेरॉइनचा सुळसुळाट झाला. पोलिसांनी सुया-सिरिंजा जप्त करण्याचे धोरण ठेवले, त्या विकत मिळेनाशा झाल्या, आणि एकच सुई अनेकांत फिरू लागली. शहरातील म्यूरहाउस भागातील एका दवाखान्यातील व्यसनी रुग्णांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झालेली आढळली. त्या काळात एडिंबऱ्याला युरोपची एड्स-राजधानी म्हटले जाई. हा इतिहास चित्रपटात थेट येत नाही. रेंटन सारे काही 'निवडी'च्या भाषेत सांगतो : तुम्ही ते निवडले, मी हे निवडले. पण सुई नसताना सुई वाटून घेणे ही निवड कितपत, हा प्रश्न त्या भाषेत बसत नाही. कादंबरीत निवेदक अनेक आहेत, त्यामुळे असे प्रश्न एका आवाजातून दुसऱ्या आवाजात झिरपत राहतात. चित्रपटाने ते सारे एका चतुर आवाजात गोळा केले, तेव्हा गती मिळाली आणि काही गमावलेही गेले. शीर्षकाचेही तसेच झाले. कादंबरीत लीथच्या ओसाड रेल्वेस्थानकात एक दारुडा या मुलांना आगगाड्या मोजताय का असे विचारतो. तो दारुडा बेग्बीचा बाप. जेथे गाड्याच येत नाहीत तेथील हा क्रूर विनोद पहिल्या चित्रपटात नाही, आणि शीर्षक अर्थाविना लोंबकळत राहते.

भाषेविषयी एक नोंद आवश्यक आहे. वेल्श यांनी लीथची बोली उच्चारानुसार लिहिली. चित्रपटाच्या आरंभीच्या भागातील संवाद अमेरिकेतील प्रदर्शनासाठी पुन्हा ध्वनिमुद्रित करून सुबोध करावे लागले. ज्याने भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) पोक्याच्या भाषेत वाचली आहे आणि तिच्यावर झालेला अश्लीलतेचा गहजब ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला यातील पेच समजावून सांगावा लागत नाही. अशा निवेदनात बोली हा रंग नसतो. मी कोणाशी बोलतो आहे आणि कोणाशी बोलत नाही, याची ती निवड असते. बोली घासूनपुसून घेतली की विनोद शिल्लक राहतो, पण तो कोणाचा हे कळेनासे होते.

६

अखेरीस रेंटन मित्रांच्या हेरॉइन-व्यवहाराचे १६,००० पौंड घेऊन पळतो. स्पडसाठी काही रक्कम मागे ठेवतो, बाकीच्यांसाठी नाही. पुलावरून आपल्या दिशेने चालत येताना तो पुन्हा तीच सुखवस्तूंची यादी म्हणतो, या वेळी स्वीकारून, आणि मी आता तुमच्यासारखाच होणार असे सांगतो. तो हसतो आहे, आणि त्याचा चेहरा धूसर होत जातो. पहिल्या दृश्यात मोटारचालकाकडे पाहून केलेले हास्य आता सरळ आपल्याकडे वळलेले आहे. हे पुनर्वसन आहे की आणखी एक चोरी, हे ठरवता येत नाही. कदाचित त्याचे म्हणणे असे असावे, की त्या यादीपर्यंत तुम्हीही असेच काहीतरी मागे टाकून पोचला आहात.

याच दिग्दर्शकाचा 'टी२ ट्रेनस्पॉटिंग' २०१७ साली आला. त्यात टॉमीच्या स्मरणार्थ जुने मित्र त्याच डोंगराळ स्थानकावर जातात, आणि टॉमी व ती तान्ही मुलगी यांच्या मृत्यूंवरून एकमेकांवर तोंडावर आरोप करतात. पहिल्या चित्रपटाने प्रेक्षकावर सोडलेली जोडणी पात्रांच्या तोंडी यायला २१ वर्षे लागली. त्याहून लक्षणीय बाब अशी, की या गोष्टी लिहून काढायला बसतो तो स्पड. ज्याला कधी धड वाक्य जमले नाही, जो चोरीत नेहमी पकडला गेला आणि ज्याच्या वाट्याला नेहमी हसे आले, असा तो. विनोदाचा विषय असलेला माणूस निवेदक होतो. रेंटनच्या चातुर्याने जे झाकले होते ते स्पडच्या अडखळण्यातून बाहेर येऊ शकेल काय, हे तो चित्रपट पूर्णपणे तपासून पाहत नाही. पण प्रश्न योग्य ठिकाणी नेऊन ठेवतो : व्यसनाच्या कथेत कोण हसतो यापेक्षा, ती सांगण्याचा अधिकार कोणाला मिळतो, या ठिकाणी.