तीन फुटांचे मैदान

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने गेल्या ईदला ईदीच्या पैशांतून छोटे प्लास्टिकचे वीस सैनिक आणले आणि आठ दिवस बसून ते स्वतः रंगवले. मैदान मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजून सैनिक पुढे न्यायचे, असा तो खेळ. मैदानासाठी त्याला छापील रबरी मॅट हवी होती. किंमत ऐकताच मी त्याच्या मित्रासमोरच म्हणाले, "एवढ्यात महिन्याचं तेल-तांदूळ येतं. खेळण्यांचं वय राहिलंय का तुझं?"

तो काही बोलला नाही. सैनिक बुटांच्या खोक्यात गेले आणि हातात मोबाइल आला.

पालकसभेत मी नेहमी सांगते, मोबाइल सोडवायचा तर मुलांच्या हातांना काम द्या. इथे मुलाने स्वतःच काम शोधले होते आणि मी ते काढून घेतले होते. इसराफ नको, हे माझे म्हणणे खरेच होते. बोलण्याची रीत चुकली होती.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी ते खोके त्याच्यासमोर ठेवले. "मॅट घेता येणार नाही. पण मैदान घरी करता येईल का?"

आमच्याकडे मोठी खोली एकच. तिथेच दस्तरखान पसरतो, तिथेच रात्री गाद्या पडतात. म्हणून मैदान घडीचे हवे होते. जुन्या कपाटाच्या पाठीचा पातळ प्लाय कापून तीन फूट बाय दीड फुटाच्या दोन फळ्या केल्या. मध्ये जीन्सच्या कापडाची पट्टी चिकटवली, तीच बिजागरी. फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून ते फळ्यांवर पसरले आणि वर चाळलेली वाळू भुरभुरली.

सकाळी पाहतो तर फळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. शेजारचे सुतारचाचा हसले. "वाळताना फेविकॉल आकसतं आणि पातळ प्लायला ओढतं. मागूनही तेवढाच थर द्या आणि वजन ठेवून वाळवा." तसे केल्यावर फळ्या बऱ्याच सरळ झाल्या.

टेकड्यांची युक्ती त्याच मित्राने दिली. तो दरवर्षी दिवाळीत किल्ला करतो. "काकू, आम्ही दगड-विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतो." आम्ही वर्तमानपत्राचे बोळे रचले आणि फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेली माझी जुनी सुती ओढणी त्यांवर पसरली. दोन दिवसांत ती कडक झाली. टेकड्या फळीला चिकटवल्या नाहीत, म्हणजे दर डावाला मैदान बदलते. सुताराकडचा लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला, त्याचे गवत झाले. फेविकॉल आणि रंग मिळून तीनशे चाळीस रुपये लागले.

दादींना मात्र काळजी. "घरात हे पुतळे कशाला?" मुलाने सांगितले, की डाव संपला की ते खोक्यात जातील, शोभेला मांडणार नाही. दादी जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची आणि पंखांच्या घोड्याची हदीस आठवून सांगितली.

मलाही एक शंका होती, की ही युद्धाची गोडी तर नव्हे? इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. ते घरच्या जमिनीवर ठोकळ्यांची घरे आणि डहाळ्यांची झाडे मांडून असाच खेळ खेळत. खेळातले युद्ध खेळून पाहिले की खरे युद्ध किती मूर्खपणाचे ते कळते, असे त्यांचे मत. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. हे मी मुलाला सांगितले. तो म्हणाला, "खोक्यात परत जातात ते फक्त आमचेच सैनिक."

पहिल्या डावात त्याने मला हरवले. मैदानाची घडी घालताना तो हळूच म्हणाला, "अम्मी, मॅटचं काही वाटलं नव्हतं. पण रागवायचं असेल तर आत बोलावून रागवत जा."

पंधरा वर्षे मी वर्गात मुलांना शिकवते आहे. त्या दिवशी चटईवर बसून मी माझ्या मुलाची माफी मागितली. त्याने नुसती मान डोलावली आणि घडी घातलेले मैदान पलंगाखाली सरकवले.