किल्ल्याच्या पायथ्याशी काट्यांची बाग

जोधपूरला जाऊन आलेली मंडळी मेहरानगड, निळी घरं आणि मिर्चीवडा यांचं तोंडभरून वर्णन करतात. किल्ल्याला खेटून असलेल्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचं नाव मात्र क्वचितच कुणी काढतं. खरं सांगायचं तर आम्हीही तिथं गेलो, ते किल्ला उघडायला अवकाश होता म्हणून! फेब्रुवारीची सकाळ, बरोबर सत्तरीची आई, तिच्या पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट.

सिंघोरिया पोल या जुन्या वेशीपासून पायवाट खाली उतरते ती थेट एका अरुंद घळीत. ही हाथी नहर. दोन्ही बाजूंना तांबूस-करड्या खडकाच्या उभ्या भिंती. घळ निसर्गाची वाटते, पण ती माणसांनी छिन्नी-हातोड्यानं खोदलेली आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी किल्ल्याजवळच्या तळ्यात नेण्यासाठी! खडकही ऐरागैरा नाही. ज्वालामुखीतून निघालेला हा रायोलाइट सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा काळा पाषाण त्याच्यापुढे कालचं पोर.

भिंतीच्या फटीफटीतून थोर उगवलेला. पानं गळून गेलेली, पण टोकांशी लालचुटूक फुलं आणि त्यांवर मुंग्यांची रांग. कुमटाचे काटे तिघातिघांनी येतात आणि आकड्यासारखे वळलेले असतात. माझी ओढणी त्यांनी दोनदा धरून ठेवली. कैर म्हणजे आपल्याकडची नेपती. पानांचा पत्ता नाही, नुसत्या हिरव्या काड्या. पानं नसली की पाणी उडून जायची भीती कमी, असा साधा हिशेब. एक पांढऱ्या गालांचा बुलबुल आमच्या पुढेपुढे उडत होता. ऊन चढलं तसा एक सरडा खडकावर येऊन माना हलवू लागला.

वर आल्यावर कुंपणापलीकडे दाट हिरवी झुडपं दिसली. ‘‘अगं, ही तर वेडी बाभूळ!’’ आई ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हणाली. इथं तिला बावलिया म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडातली. महाराजा उमेदसिंहांनी विमानातून तिचं बी टाकलं, असं जोधपुरात सांगतात. पुढं तिनं सगळी टेकडी व्यापली, बाकीच्या झाडांना जागाच उरली नाही. २००६ मध्ये मेहरानगड संग्रहालय ट्रस्टनं निसर्गलेखक प्रदीप कृष्ण यांच्याकडे हे काम सोपवलं. नुसती तोडली की ती पुन्हा फुटे. शेवटी दगडाच्या खाणीत पिढ्यान् पिढ्या काम करणारे खंडवालिया आले. त्यांनी खडकावर हातोडा वाजवून, नाद ऐकून, मुळं खोदून काढली. मग त्याच खड्ड्यांत मरुभूमीची झाडं लावली. २०११ मध्ये सुमारे ७० हेक्टरांचं हे उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

आईला मात्र हे पटेना. ‘‘बहात्तरच्या दुष्काळात आमची चूल हिच्यावरच पेटायची. तिला असं मुळासकट?’’

वाटाड्या तरुण हसला नाही. ‘‘माताजी, आमच्या गावातही सरपण हिचंच,’’ तो म्हणाला. ‘‘पण इथं ती होती, तेव्हा यातलं काहीच नव्हतं.’’ त्यानं कुमटाची एक वाळकी शेंग आईच्या हातावर ठेवली. आईनं ती सोलून चपट्या बिया बराच वेळ न्याहाळल्या. मी काहीच बोलले नाही. चुलीसाठी लाकडं तिनं वेचली होती, मी नाही.

जायचं तर सकाळी लवकर जा, पाणी आणि जाड तळव्याचे बूट हवेतच. पावसाळ्यानंतर हेच खडक हिरवे होतात म्हणे. तेव्हाची फेरी आमची राहिली आहे.

दुपारी बाजारात आईनं पंचकुट्याच्या भाजीची पुडी घेतली. कैर, सांगरी आणि त्या चपट्या बिया. ‘‘या रात्रभर भिजवायच्या ना?’’ तिनं दुकानदाराला तीनदा विचारलं.