शुक्रवारची धुतलेली चादर

पणजीच्या नगरपालिका उद्यानाला गार्सिया दा ओर्ताचं नाव आहे. तो पोर्तुगीज वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी मानाचा. मुंबई बेटाचा पट्टा त्याच्या नावावर होता. हिंग, आंबा, नारळ, पटकीचा रोग यांविषयी त्यानं लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि पुढे युरोपभर वाचला गेला. १५६८ मध्ये तो वारला. बारा वर्षांनी चर्चच्या धर्मन्यायालयानं, म्हणजे इन्क्विझिशननं, त्याच्या अस्थी उकरून काढल्या आणि जाळल्या. आरोप एकच: हा माणूस आतून ज्यू होता.

गार्सियाचे आईवडील स्पेनचे ज्यू. १४९२ च्या मार्चमध्ये ज्यूंसाठी फर्मान निघालं, जुलैअखेर बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. हजारोंनी जवळची पोर्तुगालची सीमा ओलांडली. दा ओर्ता कुटुंब सरहद्दीलगतच्या कास्तेलो द विदे गावात थांबलं. पाच वर्षांत पोर्तुगालच्या राजानं त्या सगळ्यांना सक्तीनं ख्रिस्ती केलं. त्याला कामाची, पैशाची माणसं गमवायची नव्हती, म्हणून जाण्याची वाटही बंद केली. गार्सिया जन्मला तो असा, ‘नवा ख्रिस्ती’ म्हणून. हे ‘नवे’पण पिढ्यान्‌पिढ्या पुसलं जात नसे. धर्म बदलला तरी रक्त तेच, असा हिशेब.

ग्रंथ गेले, सिनेगॉग गेली, हिब्रू शिकवणारे गेले. उरलं ते स्वयंपाकघर. चरबीऐवजी तेलात शिजवणं, डुक्कर टाळणं, शुक्रवारी संध्याकाळी लवकर दिवे लावणं, धुतलेली चादर अंथरणं, घरात कुणी गेलं की माठांतलं पाणी ओतून देणं. हे सगळं सांभाळलं बायकांनी, आणि खटल्यांत बायकांची नावं एवढी का येतात त्याचं कारणही हेच. याच खुणांची यादी इन्क्विझिशन चर्चमध्ये मोठ्यानं वाचून दाखवी, शेजाऱ्यांनी चहाडी करावी म्हणून. आजोबांचा धर्म विसरत चाललेल्या नातवाला ज्यू माणूस काय करतो हे कळायचं, तेही त्या यादीतूनच! छळानं ज्यूपण मोडलं की घडवलं, या प्रश्नाला माझं उत्तर असं, की दोन्ही, आणि अनेकदा एकाच कागदानं. घडलं ते मूळचं नव्हतंच. लपलेल्यांच्या पंचांगात एस्तेरच्या उपासाला मोठा मान आला, कारण आपली ओळख लपवून राहिलेली ही बायबलमधली राणी त्यांना आपलीशी वाटली.

गार्सिया १५३४ मध्ये भारतात आला तेव्हा पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन यायचं होतं. दोन वर्षांत ते आलं, आणि पुढे त्याच्या बहिणी लिस्बनमध्ये पकडल्या गेल्या. सुटल्यावर त्या गोव्याला भावाकडे आल्या. समुद्राचं अंतर पुरेल, असा अंदाज असावा. १५६० मध्ये न्यायालयच समुद्र ओलांडून आलं. वजनदार ओळखींचा भाऊ असेपर्यंत निभावलं. तो गेल्यावर बहीण कातारिनाला अटक झाली आणि १५६९ च्या ऑक्टोबरमध्ये तिला जाळलं.

यादीची पद्धत गोव्यात रुजली. तीत धर्मांतरितांच्या जुन्या हिंदू चालीरीती जमा होत गेल्या. १७३६ च्या जाहीरनाम्यात हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणं आणि दारी तुळस लावणंही निषिद्ध ठरलं.

त्याच कोकण किनाऱ्यावर उत्तरेला, कुलाबा जिल्ह्याच्या गावांतले बेने इस्रायली ज्यू तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. खूण तीच, शब्बाथची, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाची. पण तिच्यावरून इथं खटला उभा राहिला नाही, नाव पडलं.

२०१५ मध्ये पोर्तुगाल आणि स्पेननं हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचे कायदे लागू केले. वंश सिद्ध करावा लागे. पाचशे वर्षांपूर्वीच्या गुप्त ज्यूंची नावं, नाती, राहती गावं सर्वांत बारकाईनं नोंदलेली कुठे सापडतात? इन्क्विझिशनच्या दप्तरात. अर्जदारांच्या वंशावळी जुळवणारे तेच कागद चाळत बसले.