न्हाणीमागची पाल

जालन्याच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीमागे मेंदीचं दाट कुंपण होतं. न्हाणीचं पाणी तिकडेच जायचं, म्हणून कर्दळी आणि अळूचंही रान माजलेलं. महालक्ष्म्या उठल्या की दसऱ्याच्या आत कधीतरी त्या दाटीतून आवाज यायला लागायचा. चक्. जरा थांबून पुन्हा चक्. आजी ज्वारी निवडत बसलेली असायची. ती हात थांबवून फरशीवर बोटाने तीनदा वाजवायची, “कृष्ण, कृष्ण, कृष्ण.” पाल चुकचुकली ना!

ही पाल थंडीतच जास्त का चुकचुकते, हे मी एकदा तिला विचारलं. “उन्हाळ्यात शंका घ्यायला जीव कुठं असतोय बाबा,” ती म्हणाली. मला ते पटलं.

पक्षी बघायचे ते घाणेवाडीला, हे वडिलांमुळे डोक्यात पक्कं बसलेलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आमचा जिल्हा झाला तो १ मे १९८१ला. रविवारी पहाटे वडील मला सायकलच्या नळीवर बसवून घाणेवाडीच्या तलावावर न्यायचे. निजामाच्या काळातला हा तलाव, गावाला पाणी पाजणारा. दुर्बीण नव्हतीच. थापट्या मात्र नुसत्या डोळ्यांनीही ओळखू यायचा, कारण त्याची चोच कालथ्यासारखी. पाच-सात थापटे एकामागे एक गोल फिरायचे, चोच पाण्यात बुडवून, घाण्याच्या बैलासारखे. पुढच्याने ढवळलेलं पाणी मागचा गाळून खायचा. शेपटीची लांब सुई मिरवणारा तलवार बदक, पांढऱ्या भुवईचा भिवई बदक. आणि चोचीच्या टोकाला पिवळा, बुडाशी लाल असा हळदी-कुंकू बदक, जो पाहुणा नव्हे, इथलाच. त्याला वडील “आजीच्या पंचपाळ्यातलं बदक” म्हणायचे. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून दुर्बीण घेतली, ती या मंडळींसाठीच. हिवाळ्यातला एकही रविवार वाया घालवला नाही. बायकोच्या मते सगळेच घालवले.

पन्नाशीच्या आसपास परभणीचा एक मित्र मुक्कामाला आला. सकाळी ओट्यावर चहा पिताना चक् झालं आणि माझं बोट सवयीने बशीवर वाजलं. तो हसायला लागला. “अरे, पाल कसली? बोरू वटवट्या आहे तो. ब्लिथचा.” आम्ही अर्धा तास कर्दळीकडे बघत बसलो तेव्हा कुठे एक पान हललं. त्यामागे मातकट पाठीचा, मळकट पोटाचा, लांबट चोचीचा बोटभर जीव. रंगात सांगण्यासारखं काही नाही. दर चक्‌सरशी शेपटी किंचित उडवणं, एवढीच काय ती हालचाल.

वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची दीडेक नाणी. पिल्लं वाढवायची फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात आणि हिवाळ्याला यायचं आपल्याकडे. इथे तो एकटा राहतो आणि आपल्या झुडपाची राखण त्या चक्‌नेच करतो. ब्लिथ हे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख. त्यांनी १८४९मध्ये या पक्ष्याला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थही ‘झुडपांमधला’ असाच आहे. हे वाचलं आणि ओशाळलो. बदकांसाठी मी एवढी सायकल मारली आणि सायबेरियाचा पाहुणा आमच्या न्हाणीच्या पाण्यावर बसून होता. सलीम अलींनी १९३१-३२मध्ये निजामाच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आजी तेव्हा नवी नवरी होती. तेव्हाही कुठल्या तरी चक्‌ला तिने कृष्ण कृष्ण केलंच असणार.

२०१२-१३च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडी पडली. लोकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला. जिथे थापटे फिरायचे तिथे ट्रॅक्टर फिरत होते. बदकं नव्हतीच. आमच्याकडे टँकरचं पाणी, तरी भांडी विसळलेलं कर्दळीला मिळत होतं, आणि चक् चालू होतं.

ते बंद पाडलं मीच. घर नव्याने बांधलं तेव्हा मेंदी उपटून कंपाउंड घातलं, पेव्हर ब्लॉक बसवले. स्वच्छ दिसतं म्हणून खूशही झालो. त्या हिवाळ्यात घाणेवाडीला पाणी होतं, बदकंही होती. घरी आलो की मागच्या दारात उगाच उभा राहायचो.

मग एका कोपऱ्यातले चार ब्लॉक काढले आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याची नळी तिथे सोडली. कर्दळीला दुसरं काय लागतं? मेंदीच्या काड्याही खोचल्या. तीन वर्षं शिंपी आणि बुलबुल सोडून कुणी फिरकलं नाही. आता गुडघ्यांमुळे घाणेवाडी कमी झाली आहे. बांधावर उभं राहणं जमत नाही.

यंदा महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीत ठेवत होतो. मागून आवाज आला. हातातला मुखवटा खाली ठेवून मी फरशीवर तीनदा बोट वाजवलं. नात भिंतीवर, ट्यूबलाइटच्या मागे, कपाटाच्या वर बघून आली.

“आजोबा, पाल कुठंय?”

“बाहेर,” म्हटलं. “चप्पल घालू नकोस, वाजते.”