चित्र फिरले, चित्रकार बदलले

शांततेचा संदेश घेऊन गावोगाव फिरणाऱ्या चित्रांवर माझा कित्येक वर्षे विश्वास नव्हता. मी चित्रकलेचा शिक्षक. 6 ऑगस्टला, हिरोशिमा दिनाच्या निमित्ताने, शाळेत जी चित्रे निघतात ती मला न पाहताही सांगता येतात: पृथ्वीचा गोल, त्याभोवती हातात हात घातलेली मुले, वर चोचीत डहाळी धरलेले कबुतर. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत छायाप्रकाशासाठी तास तास जीव टाकणारी मुले या विषयावर आली की विचार न करता रंग भरतात. ‘किड्स गेर्निका’ नावाचा एक उपक्रम 1995 पासून चालू आहे. पिकासोच्या ‘गेर्निका’एवढ्या, म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब कॅनव्हासवर देशोदेशीची मुले शांततेची चित्रे काढतात आणि ती ठिकठिकाणी दाखवली जातात. त्याच धर्तीवर आपल्या मुलांकडूनही एक मोठे कापड रंगवून घ्यावे आणि तालुक्यातल्या शाळांतून फिरवावे, असे एका सहकारी बाईंनी सुचवले, तेव्हा मी नको म्हणालो.

माझ्याकडे कारण होते, आणि ते खुद्द ‘गेर्निका’नेच दिलेले होते. 26 एप्रिल 1937 रोजी बास्क प्रदेशातले ते गाव जर्मन आणि इटालियन विमानांनी बेचिराख केले. पिकासोने काही आठवड्यांत चित्र पुरे केले. पॅरिसच्या प्रदर्शनानंतर ते गुंडाळून स्कँडिनेव्हियात गेले, मग इंग्लंडला. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते पाहायला येणारे लोक स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्यांसाठी बुटांचे जोड आणून देत. मँचेस्टरमध्ये तर ते मोटारींच्या शोरूममध्ये लावले होते. हे वाचताना आजही माझे मन भरून येते. पण जानेवारी 1939 संपण्याआधी बार्सिलोना पडले, 1 एप्रिलला प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या फ्रँकोने विजय जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध पेटले. एवढे ताकदीचे चित्र फिरून काही थांबले नाही, तिथे आठवीच्या मुलांचे कापड काय करणार, असे मी म्हणत असे.

माझे मत बदलले ते इरी आणि तोशी मारुकी या जपानी दांपत्यामुळे. इरी मूळचे हिरोशिमाचे, शाईने चित्रे काढणारे. तोशी तैलरंगात काम करणाऱ्या. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडल्यावर थोड्याच दिवसांत इरी आपल्या माणसांच्या शोधात तिथे पोहोचले, मागोमाग तोशीही गेल्या. 1950 मध्ये दोघांनी मिळून पहिले चित्र केले, ‘भुते’. अंगावरचे कपडे जळून गेलेली, कातडी लोंबणारी माणसांची रांग. ही मालिका 1982 पर्यंत चालली आणि पंधरा चित्रे झाली, प्रत्येक 1.8 मीटर उंच, 7.2 मीटर लांब. सुरुवातीच्या काळात जपान अमेरिकी सैन्याच्या अमलाखाली होता आणि बॉम्बने काय केले हे उघडपणे छापायला, दाखवायला मज्जाव होता. त्या दिवसांत ही चित्रे गुंडाळ्या करून गावोगाव नेली गेली. बॉम्बमधून वाचलेली माणसे चित्रासमोर उभी राहून स्वतःवर काय गुदरले ते सांगू लागली.

इथपर्यंतचा भाग मला आधीपासून ठाऊक होता, आणि त्याने माझे मत हलले नव्हते. दुःख सोसलेल्यांचे चित्र, पाहणारेही त्यांच्याच देशातले; त्यात समजूत बदलण्याचा प्रश्न येतो कुठे?

मग 1970 मध्ये चित्रे अमेरिकेत गेली. तिथे एका प्राध्यापकाने मारुकींना विचारले की, समजा एखाद्या चिनी चित्रकाराने जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीचे चित्र काढले आणि ते जपानमध्ये आणले, तर तुम्ही काय कराल? या प्रश्नात राग मानण्यासारखे पुष्कळ होते. बॉम्ब टाकणाऱ्या देशातला माणूस बॉम्ब झेलणाऱ्यांना हा जाब विचारत होता. तरीही मारुकींनी तो झटकून टाकला नाही. 1971 च्या चित्रात हिरोशिमात कैदेत असलेले आणि संतापलेल्या जपान्यांच्या हातून मरण पावलेले अमेरिकी सैनिक आले. 1972 च्या ‘कावळे’मध्ये बॉम्बने मेलेली कोरियन माणसे आली, ज्यांची प्रेते सर्वांत शेवटपर्यंत तशीच पडून राहिली आणि कावळ्यांनी टोचली. आणि 1975 मध्ये दोघांनी नानजिंगच्या कत्तलीचे भले मोठे चित्र केले. आपल्या दुःखाचे चित्र घेऊन निघालेली माणसे आपल्या देशाच्या अपराधाचे चित्र काढण्यापर्यंत पोहोचली. पुढे ऑशविट्झची छळछावणी, मिनामातातली पाऱ्याची विषबाधा, ओकिनावाची लढाई हे विषयही त्यांनी हाती घेतले. चित्रे जपानबाहेर गेलीच नसती, तर तो प्रश्न त्यांना अशा प्रकारे समोरासमोर कुणी विचारला असता असे मला वाटत नाही.

फिरत्या चित्राने किती युद्धे थांबवली, एवढेच मी मोजत होतो. आता मी वेगळे पाहतो: ज्या गावात ते गेले तिथल्या लोकांनी ‘यात आमची माणसे कुठे आहेत’ असे विचारले का, आणि काढणाऱ्यांनी ते ऐकले का? आमच्या मुलांचे कापड शेजारच्या आश्रमशाळेत गेले, तर तिथली मुलेही हे विचारू शकतील. त्यांनी विचारावे, आणि आमच्या मुलांना उत्तर सुचू नये, असे मला मनापासून वाटते.

कबुतरांबद्दलचे माझे मत मात्र तसेच आहे. कबुतराच्या चित्रात मेलेले कुणी नसते, मारणारे कुणी नसते, म्हणून त्याला प्रश्नही विचारता येत नाही.

तेव्हा असे चित्र आपल्या गावात आणणाऱ्यांना आणि मुलांकडून काढून घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ज्यांनी ते काढले त्यांना चित्रासोबत पाठवा. उद्घाटनाची भाषणे कमी करा आणि तो वेळ पाहायला आलेल्यांना बोलायला द्या. कापडाचा शेवटचा हातभर भाग कोरा ठेवा, आणि पुढच्या गावी जाण्याआधी आधीच्या गावात ऐकलेले त्यावर काढा.