अर्जाच्या पावतीवरची तारीख

नागरिकत्व कायदा, १९५५ हा वर्षं मोजणारा कायदा आहे. कलम ५ खाली नोंदणी हवी असेल तर भारतीय वंशाच्या माणसाने अर्जाआधीचे १२ महिने सलग भारतात काढलेले हवेत, शिवाय त्याआधीच्या ८ वर्षांपैकी किमान ६. कलम ६ खाली अर्ज केला तर १२ महिने तेच, पण मागच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षं दाखवावी लागतात. त्या १२ महिन्यांत सिंधमध्ये वडील अत्यवस्थ झाले, तर जाऊन यायला मिळून ३० दिवसांची सवलत आहे, तीही विशेष परिस्थिती म्हणून सरकारने मान्य केली तर. अर्ज टाकायच्या आधीचा दिवस न् दिवस असा मोजला जातो. अर्ज टाकल्यानंतर मात्र निकाल कधी द्यायचा, याबद्दल हाच कायदा गप्प आहे.

उल्हासनगर-कल्याण पट्ट्यात मी हे अर्ज चालवतो. पक्षकार बहुतेक सिंधी. सक्खर, घोटकी, जेकबाबाद इकडून व्हिसा घेऊन रीतसर आलेले आणि नंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे ‘एलटीव्ही’वर, राहिलेले. ज्या गल्लीत ते भाड्याने राहतात, तिथलेच घरमालक कुठल्याही अर्जाविना भारतीय झालेल्यांचे नातू असतात. १९ जुलै १९४८ पूर्वी जे इकडे आले आणि इथेच राहिले, त्यांना घटनेच्या अनुच्छेद ६ ने थेट नागरिक मानलं. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी, त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचा हा प्रश्न मिटला. जे मागे राहिले, त्यांच्या लेकरांच्या वाट्याला फाईल आली.

ही फाईल जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्याच्या गृहखात्याकडे आणि तिथून दिल्लीला जाते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्याक समाजांपुरते निर्णयाचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले. आपल्याकडे मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर. त्याने वरची दोन टेबलं वाचली. पोलीस आणि गुप्तचर यंत्रणेची पडताळणी मात्र राहिली, आणि खरा वेळ जातो तो तिथेच. तो अहवाल अर्जदाराला दिसत नाही. त्यामुळे ‘साहब, फाइल कहाँ तक पहुँची?’ या प्रश्नाला माझ्याकडे ‘अहवालावर आहे’ एवढंच उत्तर असतं. एकाच दिवशी टाकलेल्या दोन भावांच्या अर्जांतला एक निघतो, दुसरा राहतो, आणि का ते कोणी सांगत नाही.

या थांबण्यात एक कागद पिकेपर्यंत दुसरा सडतो. अर्जासोबत चालू पासपोर्ट लागतो. तो पाकिस्तानचा, म्हणजे नूतनीकरण दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयातून. एलटीव्हीची मुदत वेगळी. त्यात नावांचा घोळ: पासपोर्टवर ‘हरीबाई’, एलटीव्हीवर ‘हिराबाई’, लगेच त्रुटीचं पत्र. अशाच एका घरात वडिलांची नोंदणी झाली, आई त्रुटीत अडकली आणि तेवढ्यात मुलगी अठराची झाली. अज्ञान अपत्याचा अर्ज कलम ५(१)(ड) खाली असतो. सज्ञान झाल्यावर पोटकलम बदलतं, फॉर्म बदलतो, पडताळणी पहिल्यापासून सुरू होते आणि आईवडील दोघांचीही नोंदणी झालेली लागते. म्हणजे आईच्या नावातल्या एका वेलांटीपायी लेकीला पासपोर्ट नाही आणि नागरिकत्वाची अट असलेली कुठलीच सरकारी परीक्षा नाही.

याहून कठीण गाठ वंशाची आहे. भारतीय वंशाचा कोण, तर जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मला तो. सख्ख्या चुलतभावांपैकी एकाचे आईवडील १९४५ च्या आसपासचे, तर तो कलम ५ मध्ये बसतो. दुसऱ्याचे दोघंही १९५० नंतर त्याच घरात जन्मले, तर तो कलम ६ मध्ये. वर्षं सरतात तसा पहिला वर्ग आटत जातो आणि थांबणाऱ्यांची पुढची पिढी लांबच्या रांगेत ढकलली जाते.

आणि तरीही हे सगळं सुटसुटीत करता येतं, हे सरकारनेच दाखवलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. मुदत संपलेले कागद त्यात चालतात, मूळ देशाचं नागरिकत्व सोडल्याचं घोषणापत्र अर्जातच आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं की माणूस भारतात आल्याच्या दिवसापासून नागरिक धरला जातो. म्हणजे थांबलेली वर्षंही हिशेबात येतात. पण हे फक्त ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या त्या सहा समाजांसाठी. २०१५ च्या जानेवारीत वाघा ओलांडलेला सिंधी जुन्याच रांगेत आहे. भारतीयाशी लग्न करून आलेली पाकिस्तानी मुसलमान सूनही तिथेच. तिला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कलम ५(१)(क). २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंच्या एलटीव्हीला तो आदेश लागू नव्हता, तरी त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. वर्षानुवर्षं अर्ज पडून असलेल्या माणसाला बातमीतला प्रत्येक आदेश आपल्यावरच निघाल्यासारखा वाटतो.

पडताळणी नको, असं मी कधीच म्हणणार नाही. सीमेपलीकडून आलेल्या माणसाची ती झालीच पाहिजे. मागणी एवढीच आहे की अर्जाच्या पावतीवर जी तारीख पडते, ती सगळ्याला लागू धरावी. त्या दिवशी पासपोर्ट चालू होता तर तो चालू, मुलगी अज्ञान होती तर ती अज्ञान. आणि ठरावीक मुदतीत निर्णय झाला नाही, तर फाईल कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी कळवावं. मुदत संपलेल्या कागदावर नागरिकत्व देता येतं, हे एका गटासाठी मान्य झालंच आहे. उरलेल्यांसाठी ते का चालत नाही, याचं उत्तर आता खात्याने द्यायचं आहे.